"अडॅप्टर विसरू नकोस": जामसंडे ते लेस्टर, एका फोनचं प्रकरण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काकी दुकानात आल्या त्या निदान करूनच. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "बॅटरी बदल झिला. इंग्लंडाक गेल्यापासून चार्जच होणा नाय."

माझं दुकान जामसंड्याच्या बाजारात आहे. अर्धं मोबाइल दुरुस्तीचं, अर्धं वायर, बोर्ड आणि पंख्यांचं. वडील वायरमन होते, मी मोबाइल शिकलो आणि दोन्ही धंदे एकाच छपराखाली राहिले. त्याचा एक फायदा होतो. चार्जिंगची तक्रार आली की मी फोन उघडण्याआधी भिंतीपासून सुरुवात करतो. नुसतं मोबाइलचं दुकान असतं तर काकींची बॅटरी त्याच दुपारी बदलली गेली असती, मला पैसेही मिळाले असते, आणि पुढच्या खेपेला नव्या बॅटरीसकट सगळं तसंच झालं असतं.

काकींना विचारून हे लिहितो आहे. "लिही, पण नाव नको," एवढीच त्यांची अट.

मुलीच्या बाळंतपणासाठी त्या ऑक्टोबरात लेस्टरला गेल्या होत्या. एकट्या. कणकवलीहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून दुबई, तिथे पाच तास थांबून बर्मिंगहॅम, पुढे जावयाच्या गाडीनं लेस्टर. फोन नवाच होता, ५००० एमएएचची बॅटरी आणि डब्यातच मिळालेला ३३ वॉटचा चार्जर. त्यांनी सोबत आणलेल्या पिशवीतून मी सगळं सामान काउंटरवर ओतलं: पांढरा चार्जर, दोन केबली, एक जुनी पॉवर बँक, आणि एक काळं, जाडजूड, भलत्याच तोंडाचं प्लास्टिकचं जनावर. ते काय आहे ते मला लगेच कळलं, पण आधी फोन.

फोनच्या पोर्टात कापसाचं बोळं आणि थोडा हिरवट थर होता. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या प्रत्येक फोनात तो असतो, खारी हवा सोडत नाही. साफ केलं. मग माझ्याच चार्जरवर लावून शून्यापासून शंभरपर्यंत भरू दिला. बॅटरी ठणठणीत. न फुगलेली, न तापलेली.

मग त्यांचा चार्जर हातात घेतला, आणि प्रकरण तिथे दिसायला लागलं. दोन पिनांपैकी एक टोकाकडे काळवंडलेली होती, आणि तिच्यावर बारीक खड्डे पडले होते, सुईनं टोचल्यासारखे. शिवाय दोन्ही पिना बाहेरच्या बाजूला फाकलेल्या. अंतर मोजायला व्हर्नियर लावला. आपल्या दोन पिनी चार्जरच्या पिनांच्या मध्यांतलं अंतर १९ मिलिमीटर असतं. यांचं टोकाशी एकवीसच्या वर गेलं होतं. म्हणजे कुणीतरी हा चार्जर त्याच्यासाठी नसलेल्या भोकांत जोर लावून घातला होता, आणि तिथे तो सैल बसून ठिणग्या काढत होता.

"काकी, हो कसो लावलास?"

"लावलंय तसोच. आपल्याकडे सगळे लावतत मां?"

पुढचं मी त्यांच्याकडून, मुलीशी फोनवर बोलून, आणि वस्तूंवरच्या खुणा बघून जुळवलं.

निघण्याआधी महिनाभर मुलगी रोज सांगत होती, "आई, अडॅप्टर विसरू नकोस हं." चार वेळा सांगितलं, एकदा व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं. काकींचं म्हणणं असं की त्या विसरल्याच नाहीत, "पयलो तोच बॅगेत घातलंय." आणि ते खरं आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक येऊन "केबल नको, नुसता अडॅप्टर द्या" म्हणतं, तेव्हा त्याला तो पांढरा ठोकळा हवा असतो, ज्याच्या एका बाजूला पिना आणि दुसऱ्या बाजूला यूएसबीचं भोक असतं. मीही त्याला अडॅप्टरच म्हणतो. माझ्या बिलबुकात तसंच लिहिलेलं सापडेल. मुलीला मात्र म्हणायचं होतं ते वेगळंच: भारतातली पिन एका बाजूनं आत घालायची आणि दुसऱ्या बाजूनं इंग्लंडची पिन बाहेर निघते, तो तुकडा. त्याला आम्ही कन्व्हर्जन प्लग म्हणतो, काही जण ट्रॅव्हल प्लग, काही नुसतं "ती परदेशातली पिन". आठ वर्षं तिकडे राहून मुलीचा शब्द बदलला होता, आईचा नव्हता. दोघींनी एकच शब्द वापरला आणि दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या.

या शब्दात तिसरा अर्थही घुसलेला आहे, तो जास्त महाग पडतो. काही लोक अडॅप्टर म्हणतात तेव्हा त्यांना व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर अभिप्रेत असतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००, आपल्याकडे २३०, म्हणून "काहीतरी अडॅप्टर लागेल ना?" फोनला तो लागत नाही. चार्जरच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. आतली रचनाच तशी असते. भिंतीतली एसी आधी डीसी होते, मग एक चिप ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवते आणि बाहेर किती व्होल्ट पडले ते सतत बघत राहते. आत १०० आले काय किंवा २४० आले काय, ती चालू-बंदचं प्रमाण बदलते आणि बाहेर ५ चे ५ देते. मिक्सरला ही अक्कल नसते. २३० व्होल्टचा मिक्सर न्यू जर्सीत नेऊन नुसती पिन बदलून लावला की तो कण्हत फिरतो, आणि उलट तिकडचा १२० व्होल्टचा राइस कुकर इथे लावला तर पावणेचारपट ताकदीनं तापून काही मिनिटांत वास सोडतो. तसा एक माझ्या माळ्यावर पडलेला आहे.

काकींच्या प्रकरणात व्होल्टेजचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्रश्न होता फक्त भोकांच्या आकाराचा.

पहिली ठेच दुबईला लागली. तिथली सॉकेटं इंग्लंडसारखीच, तीन चौकोनी भोकांची. आखातात जाणारे आमच्याकडचे लोक हे डोळे झाकून सांगतील. काकींनी चार्जर भिंतीला टेकवून बघितला, बसत नाही म्हटल्यावर पिशवीत टाकला आणि पॉवर बँक काढली. ही पॉवर बँक म्हणजे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर गावात लाईट नव्हती तेव्हा घेतलेली. मुंबईत ती मोठ्या बॅगेत सापडली म्हणून काउंटरवर बॅग उघडून काढायला लावली होती. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात, १०० वॉटअवरच्या आतली असली तर प्रश्न येत नाही. यांची २०,००० एमएएच, म्हणजे ७४ वॉटअवर. चुकून झालेली ही गोष्ट त्यांना तारून गेली. पण जुनी झालेली, तिच्यातून जेमतेम वीसेक टक्के फोन भरला आणि ती मेली.

त्या संध्याकाळी लेस्टरला पोचल्या आणि त्याच रात्री तीन वाजता मुलीच्या पोटात दुखायला लागलं. अपेक्षित तारखेच्या नऊ दिवस आधी. मुलगी-जावई इस्पितळात गेले, घरातले चालते चार्जर घेऊन. काकी एकट्या. फोन ९ टक्के.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक ठोकळा राहिला होता, तिकडच्या तीन पिनांचा, पण त्याला टाइप-सीचं भोक आणि काकींच्या केबलीला जुनं चपटं टोक. एक केबल होती, ती जावयाच्या जुन्या आयफोनची, काकींच्या फोनात जाणार नाही अशी. युरोपियन युनियननं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं केलं ते या रडगाण्यापायीच. घरात तीन वस्तू होत्या आणि एकीचंही दुसरीशी जमत नव्हतं.

मग काकींनी तेच केलं जे आपण सगळे करतो. शटरवाल्या, म्हणजे भोकांमागे झाकण असलेल्या, तीन पिनी सॉकेटमध्ये दोन पिनी चार्जर जात नसला की वरच्या अर्थिंगच्या भोकात काहीतरी खुपसायचं, शटर उघडतं, मग खाली दोन पिना ढकलायच्या. काकींनी पेनाचं टोपण खुपसलं. लोखंडी वस्तू नव्हती हे नशीब. चार्जर गेला, "चर्र चर्र आवाज येय होतो", फोन टुं करून चार्जिंग दाखवी, परत टुं करून बंद होई.

इथे थोडं थांबतो, कारण या सॉकेटची गोष्ट मला आवडते. आपली तीन गोल पिनांची रचना मूळची इंग्रजांचीच. त्यांचं ते मानक १९३४ चं. दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती, घरं नव्यानं बांधायची होती, तेव्हा त्यांनी घरभर एकच वायरीची कडी फिरवून त्यावर सगळी सॉकेटं घेण्याची पद्धत काढली. त्या कडीवर आता ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, असतो. फोनच्या किंवा टेबललँपच्या बारीक वायरीला एवढा एमसीबी काय वाचवणार? म्हणून प्रत्येक थ्री पिन टॉपच्या आत त्याचा स्वतःचा छोटा फ्यूज, ३ अँपिअर किंवा १३ अँपिअरचा. १९४७ साली हे चौकोनी पिनांचं मानक आलं. त्या वर्षी त्यांनी आपल्याला सोडलं आणि स्वतःची गोल पिनही सोडली. आपण मात्र ती धरून बसलो. तर काकी टोपण खुपसून चार्जर लावत होत्या तेव्हा तो फ्यूज त्यांनी वगळला होता, आणि २२ मिलिमीटर अंतराच्या भोकांत १९ मिलिमीटरच्या पिना ताणून बसवल्या होत्या. सैल टेकलेली पिन म्हणजे ठिणगी, ठिणगी म्हणजे काजळी, काजळी म्हणजे आणखी वाईट टेकणं. पिनेवरचे खड्डे तिथले. त्या सॉकेटचं शटरही अडकलं, नंतर जावयानं पट्टी बदलून घेतली.

आवाजाला घाबरून काकींनी चार्जर ओढून काढला आणि घरभर "आपल्यासारखं" सॉकेट शोधलं. ते सापडलं बाथरूममध्ये. आरशावरच्या दिव्यातच बसवलेलं, गोल दोन पिना जातील असं. काकींना देव भेटला. चार्जर गपकन बसला. फोननं टुं केलं.

ते सॉकेट दाढीच्या यंत्रासाठी असतं. शेजारी इंग्रजीत तसं लिहिलेलं असतं आणि यंत्राचं चित्रही असतं. तिकडे बाथरूममध्ये सहसा साधं सॉकेट बसवू देत नाहीत. याच्यामागे वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, ओल्या हातानं शॉक बसू नये म्हणून मुख्य लाईनपासून तोडलेला. ट्रान्सफॉर्मर लहान, २० ते ५० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, वॉटचंच भावंड). दाढीच्या यंत्राला पुष्कळ झाला. काकींचा ३३ वॉटचा चार्जर पूर्ण जोरात असताना भिंतीतून ४० वॉटच्या आसपास ओढतो, आणि असल्या चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्हीएपैकी खरे कामी येणारे वॉट, कमी असतो, त्यामुळे व्हीएत मोजलं तर त्याहून बरंच जास्त. ट्रान्सफॉर्मर तापला की आतला कटआऊट तोडतो, थंड झाला की जोडतो. काकींनी बाथरूमच्या दारात स्टूल टाकून अर्धा तास हा खेळ बघितला. ९ चे १४ टक्के झाले. मग "आपोआप होतला" म्हणून झोपायला गेल्या, आणि जाताना सवयीनं दिव्याची दोरी ओढली. जन्मभर रिकाम्या खोलीत दिवा जळू न दिलेली बाई. त्या आरशाच्या सॉकेटला वीज दिव्याबरोबरच येत होती.

सकाळी फोन बंद.

मुलगा नऊ चाळीसला झाला. जावयानं सासूबाईंना तीन व्हिडिओ कॉल लावले, मग जामसंड्याला काकांना लावला. इकडे दुपारचे दोन वाजून गेले होते. काकांनी बाजारात येऊन पेढे घेतले, मलाही दिला. म्हणजे जामसंड्यात पेढे वाटून झाले आणि इस्पितळापासून दोन मैलांवर बसलेल्या आजीला पत्ता नाही. जावई एक वाजता घरी आला तेव्हा कळलं. हे सांगताना काकी अजूनही फोनकडेच रागानं बघतात.

पुढचे तीन महिने "फोन बिघडलाय" हे घरात पक्कं झालं, आणि त्याला कारणं मिळत गेली. जावयानं खणातून एक जुना ५ वॉटचा ठोकळा काढून दिला, तिकडच्या पिनांचा. त्यानं फोन चार्ज होई, पण कासवाच्या चालीनं. हिशेब साधा आहे: ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉटअवर. ५ वॉटनं भरायला चार तास, तेही वाटेत काही वाया जात नाही असं धरून. प्रत्यक्षात पाच-सहा. त्यात काकी फोन लावलेलाच ठेवून काकांना रोज तासभर बाळ दाखवणार. मग तो भरणार कधी?

नंतर मुलीनं बाजारातून चार पौंडांना अडॅप्टर आणून दिला. पाकिटावर जगाचा नकाशा, विमान, सगळं काही. तेच माझ्या काउंटरवर पडलेलं काळं जनावर. तो होता इंग्लंडच्या माणसानं युरोपात नेण्याचा: चौकोनी पिना आत जातात, गोल दोन बाहेर येतात. काकींना हवा त्याच्या बरोबर उलटा. कोणत्याही देशात प्रवासाच्या सामानाच्या फळीवर तिथून बाहेर जाणाऱ्यांचा माल आधी दिसतो, येणाऱ्यांचा कोपऱ्यात. बाळ पोटाशी घेऊन खरेदी करणाऱ्या मुलीला मी यात दोष देणार नाही. घरी आल्यावर बसत नाही म्हटल्यावर कुणी परत द्यायला गेलं नाही.

आणि शेवटचं, जे मला दुकानात कळलं. काकी परत आल्यावर इथल्या बोर्डावर तोच चार्जर लावूनही फोन हळूहळूच भरत होता, म्हणून त्यांची खात्री पटली की बॅटरीच गेली. मी दोन्ही केबली शेजारी ठेवल्या. फोनची मूळ केबल जाड, आणि ती त्या पहिल्या रात्रीनंतर मोठ्या बॅगेच्या तळाशी जाऊन बसली ती तिथेच राहिली. वापरात होती ती पॉवर बँकेची, हातभर, बारीक. त्यांच्या चार्जरवर लिहिलं आहे: ५ व्होल्ट २ अँपिअर, ११ व्होल्ट ३ अँपिअर. ११ हा आकडा बघा. जलद चार्जिंगचं सगळ्यांना सामाईक मानक असलेल्या यूएसबी पीडीत (पॉवर डिलिव्हरी) ५, ९, १५, २० असे ठरलेले टप्पे आहेत, त्यात ११ नाही. म्हणजे ही कंपनीची घरातली बोली. चार्जर, केबल आणि फोन तिघे एकाच घरचे असले तरच ती बोलली जाते, नाहीतर सगळे ५ व्होल्टवर उतरतात. मूळ केबल लावली, पडद्यावर लगेच जलद चार्जिंगची खूण आली. काकींनी माझ्याकडे संशयानं बघितलं, जणू मी आधी लपवून ठेवली होती.

बिल झालं पोर्ट सफाईचं, आणि नव्या चार्जरचं. काळ्या पिनेचा जुना परत वापरू दिला नाही. घासून चकचकीत करता येतो, काही दुकानांत करूनही देतात, पण खड्डे पडलेली पिन पुन्हा तशीच तापते.

मार्चमध्ये काका-काकी दोघांचं पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी त्यांना इथून जवळजवळ काहीच दिलं नाही. तिकडे मुलीकडे तिकडच्याच तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला, पीडीचा चार्जर घेऊन ठेवायला सांगितलं. काकींचा फोन पीडीवर १८ वॉट घेतो. ३३ नव्हे, पण दीड-दोन तासांत माणूस बाहेर पडू शकतो. जिथे महिनोन्‌महिने राहायचं तिथे भिंतीत बसणारी वस्तू तिथलीच असावी असं माझं मत झालं आहे. पिनेवर पिन चढवलेला मनोरा स्वतःच्या वजनानंच सॉकेटातून सुटायला बघतो. वाटेतल्या दुबईसाठी मात्र एक साधा कन्व्हर्जन प्लग दिला, चौकोनी तीन पिनांचा, दीडशे रुपयांचा. तो हातातल्या पिशवीत, मूळ केबल त्याला रबरानं बांधून. बाजारात मिळतात ते जगभरच्या पिना ढकलून बाहेर काढायचे ठोकळे मी ठेवतो, पण चार देश फिरणाऱ्यालाच देतो. खाऱ्या हवेत त्यांच्या आतल्या सरकत्या पट्ट्या दोन पावसाळ्यांत गंजतात. बोटीवर जाणारी आमची पोरं ते नेतात आणि दर दोन वर्षांनी नवीन मागतात.

बिलबुकात मी आता "चार्जर ठोकळा" असं लिहायला लागलो आहे. गिऱ्हाईक हसतं, पण विचारत नाही कसला.

ते काळं जनावर मी काकींना परत दिलं होतं, टाकू नका म्हणून. मे महिन्यात मुलगी बाळाला घेऊन आंब्यांना आली. तिच्या चार्जरला चौकोनी तीन पिना. पहिल्याच संध्याकाळी पडवीतल्या फाइव्ह पिन बोर्डासमोर उभी राहून म्हणाली, "आई, अडॅप्टर आहे का गं?"

"खयचो?" काकींनी आतून विचारलं, आणि कपाटातून तो चार पौंडांचा घेऊन आल्या. चौकोनी पिना आत, गोल दोन बाहेर. बोर्डात बसला. थोडा सैल, पण फोनपुरता चालला.